दवावरची हिरवी रेघ

मामू, तुझ्या मयतीला आलेल्या लोकांनी कीव कोणाची केली, ठाऊक आहे? तुझी नाही. माझी.

बाबांच्या हॉलमध्ये कॅम्पमधले तुझे दोस्त भिंतीला टेकून बसले होते. दुआ झाली, कहव्याचे पेले फिरले, आणि निघताना एकेक जण आतल्या खोलीच्या दारापाशी थांबून माझ्याकडे बघायचा. तो केरळचा म्हातारा वेल्डर, तो पेशावरचा ड्रायव्हर, तुझ्या खोलीतले ते राजापूरचे दोघे भाऊ. प्रत्येकाचं एकच. "तुम वही भांजी हो ना? गोल्फवाली? जिसने खुद जाके पेनल्टी माँगी?" आणि मग मान हलवत, "इब्राहिमभाई बहुत गुस्सा थे तुमपे." मी आपली हो हो करत उभी. तुझं दफन होऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि तू मला लोकांच्या तोंडून रागावत होतास. धन्य आहे तुझी.

आज तू जाऊन तिसरा शुक्रवार. लिहायला बसलेय ती मराठीत, हे बघून खूश होशील. इंडियन स्कूलमधून आल्यावर मी अम्मीला इंग्रजीत उत्तरं द्यायचे, बाबांना हिंदीत. तुझ्यापुढे ते चालायचं नाही. "काय बोललीस गो? ऐकू नाही आलं," म्हणून कानामागे हात धरून उभा राहायचास, मी मराठीत बोलेपर्यंत. माझी मराठी म्हणजे तुझीच मराठी, अर्धी सुतारकामाची आणि अर्धी शिव्यांची. यात काही चुकलं तर मला बोलू नकोस, स्वतःला बोल लाव.

एक गोष्ट आहे, जी मी तुला कधीच सांगितली नाही. तू होतास तोवर सांगायची नव्हती. आता सांगून काय उपयोग, असं अम्मी म्हणेल. पण माझ्या पोटात ती मावेनाशी झालीय. आणि ती सांगायची तर खळ्यापासून सुरुवात करायला हवी.

सौदीतल्या अबकैकला तेलकंपनीच्या कंपाउंडमधलं आपलं ते गोल्फचं मैदान. मैदान कसलं, वाळवंटच, त्यात झेंडे रोवलेले. गवताची काडी नाही. खेळणाऱ्याने बगलेत प्लास्टिकच्या हिरवळीचा एक तुकडा घेऊन फिरायचं, बॉल पडेल तिथे तो अंथरायचा आणि त्याच्यावरून पुढचा फटका मारायचा. झेंड्याभोवतीची जागा, जिला बाकीचं जग ग्रीन म्हणतं, ती आपल्याकडे तेल घालून दाबलेल्या वाळूची. साहेब लोक तिला ब्राउन म्हणायचे. तू तिला खळं म्हणायचास, कोकणातल्या घरापुढचं असतं ना, तसं. बाबा प्लांटवर टेक्निशियन, म्हणून आम्हाला आत घर. तू बाहेर बॅचलर कॅम्पमध्ये. आलास शटरिंगचा सुतार म्हणून आणि कॉन्ट्रॅक्टरने तुला लावलं मैदानाच्या देखभालीला. तू म्हणालास, बरं झालं, खळं राखायला आईने शिकवलंच आहे.

जुन्या गालिच्याचा पट्टा कापून तू तो काठीला ठोकलास आणि त्याला नाव दिलंस पोतेरं. पोतेऱ्याचे नियम दोन. पट मारायच्या आधी, म्हणजे बॉल घरंगळवत होलात घालायच्या आधी, बॉलपासून होलापर्यंत पोतेरं ओढायचं, वाट सपाट करायची. आणि सगळ्यांचं खेळून झालं की सगळं खळं आतून बाहेर गोल गोल फिरवून साफ करायचं, मागून येणाऱ्यांसाठी. दुसरा नियम साहेब लोक हटकून विसरायचे. मग तू त्यांच्यामागे पोतेरं घेऊन, तोंडावर हसू आणि ओठांत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. "आपल्या पायाचे ठसे दुसऱ्याच्या वाट्याला कशाला?" हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की अजून मी समुद्रावर गेले तरी मागे वळून बघते.

एका साहेबाने टाकून दिलेली स्टिक तू माझ्या उंचीला कापलीस, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीस आणि म्हणालास, मार. मी मारला. तो कुठे गेला ते दोघांनाही दिसलं नाही, पण तू टाळ्या वाजवल्यास. खेळाचं तुला काडीचं ज्ञान नव्हतं, मामू, हे आज स्पष्ट बोलून टाकते. तुझे सगळे सल्ले चुकीचे होते. "पाय घट्ट रोव" हा एक सोडला तर तू मला जे जे शिकवलंस ते ते पुढे कोचने निस्तरलं. ठरल्यापेक्षा एक फटका कमी लागला की होते ती बर्डी, तिला तू चिमणी म्हणायचास, बॉल होलाकडे निघाला की "यल्ला, यल्ला" ओरडायचास, आणि चुकला की बॉलला दोष द्यायचास. पण त्या उन्हात माझ्यासाठी रोज उभा राहणारा तूच होतास.

मग ती टूर. टूर म्हणजे सहल नव्हे, हे आपल्या अर्ध्या गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. युरोपात बायकांच्या व्यावसायिक गोल्फचे वरचा आणि खालचा असे दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर टीव्ही आणि गाजलेली नावं. खालच्या मजल्यावर आम्ही. आज फ्रान्समधलं एखादं खेडं, पुढच्या आठवड्यात चेक, मग स्वीडन, प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बॅगा कोंबून. पहिल्या फेऱ्यांत मागे पडलं तर कट, म्हणजे उरलेल्या दिवशी खेळायचंच नाही, चादरी धुवायच्या आणि पुढच्या गावाची गाडी शोधायची. सीझनच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या पहिल्या मोजक्या जणींना वर खेळायचं कार्ड मिळतं. मला तेच हवं होतं. आणि एकाच सीझनमध्ये हवं होतं, कारण माझा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, बाबांच्या नावावर. वर्षानुवर्षं बाहेर राहिले तर परतीचा व्हिसा संपणार, आणि मग ना इथली ना तिथली. बाबांनी कफीलच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या, ऑफिसात खेटे घालून एकदाची ती परवानगी काढली होती. पुन्हा निघणार नव्हती.

वसंतात मी सपाटून हरले. गवत म्हणजे काय भानगड असते ते मला तिथे कळलं. बॉल त्यात रुतून बसायचा, ओल्या ग्रीनवर कधी धावायचा, कधी थांबायचा. बाकीच्या मुलींचे कोच, आयांचे डबे, कोणाचा बाप बॅग उचलायला. मी एकटी, ढकलगाडी घेऊन. संध्याकाळी तुला फोन केला की तू विचारायचास, "जेवलीस काय? मग हरलीस तरी चालेल." एकदा मी नुसतीच रडले, बोललेच नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "थांब, मी येतो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. तू दोन वर्षांची साठवलेली सुट्टी काढलीस. ती मामीची सुट्टी होती, मामू. मामी गावाला तुझ्यासाठी घराला रंग काढून बसली होती. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, कशासाठी जाताय? तू म्हणालास, "भाचीची बॅग." तिने पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच. कसा मिळाला तुला तो व्हिसा, अल्लाला ठाऊक.

स्वीडनच्या विमानतळावर तू उतरलास तो सुकट घेऊन. तिथल्या भाड्याच्या खोलीत माझ्याबरोबर एक फिनलंडची खेळाडू मुलगी होती, शांत, पावाला मध लावून खाणारी. तू सुकट परतलीस आणि छताला लावलेली धुराची घंटा किंचाळायला लागली. तू स्टुलावर चढून तिला टॉवेलाने वारा घालतोयस, खाली ती मुलगी हसून लोळतेय, आणि तू मला म्हणतोयस, "ही कसली घंटा? जेवण झालं की वाजते होय?" दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आपल्याबरोबर भात जेवायला लागली.

आणि गवत बघून तुझं ते जे काय झालं! पहिल्याच ग्रीनवर तू बूट काढलेस. अनवाणी उभा राहिलास. मला वाटलं आता हा सज्दा करतोय की काय. पण तू आपलं बोट जमिनीत खुपसून म्हणालास, "केवढं पाणी घालत असतील गो!" आणि तिथून आपला जो वाद सुरू झाला तो काही मिटला नाही. तू म्हणायचास, गवतावर कोणीही खेळेल, खरा खेळ वाळूवर. मी म्हणायचे, वाळूवर खेळणारे आपण चार टाळकी, जगाला कोण विचारतो. तू म्हणायचास, वाळूवर माणूस आपलं मागचं पुसून जातो, गवतावर कोण पुसतो? तेवढं तू जिंकलास असं लिहून देते.

तू आलास आणि मी बरी खेळायला लागले, हेही लिहून देते. तुझ्या सल्ल्यांमुळे नाही. बॅग ओढायचं काम गेलं म्हणून, आणि वाईट फटक्यानंतर बाजूला कोणीतरी बॉलला शिव्या घालणारं होतं म्हणून. हळूहळू यादीत वर सरकत गेले. शेवटची स्पर्धा स्पेनच्या उत्तरेला, डोंगरात. शेवटच्या दिवशी सकाळी गणित सोपं होतं. बरी खेळले तर कार्ड.

त्या सकाळी धुकं होतं आणि दव इतकं की ग्रीन पांढरं दिसत होतं. आपली तुकडी पहिलीच, त्या गवतावर आपल्या आधी कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. सुरुवातीचंच एक होल. माझा बॉल झेंड्यापासून बराच लांब. मी पलीकडच्या बाजूने उकिडवी बसून उतार बघत होते. फिनलंडची मुलगी बॅगेत हातमोजा शोधत होती, तिसरी अजून वाळूच्या खड्ड्यात. पुढचं तुला ठाऊक आहे, म्हणजे तुला मी जे सांगितलं ते ठाऊक आहे. पट आत गेला, तू "चिमणी!" म्हणून ओरडलास, आणि मी झेंडा लावून सरळ रेफरीकडे चालत गेले. परत येऊन तुला म्हटलं, "मामू, दोन फटक्यांचा दंड. पट मारायच्या आधी मी दवावरून पाय फिरवला. सवयीने. पटच्या वाटेतलं दव पुसायचं नसतं इथे."

तू बघतच राहिलास. "कधी फिरवलास पाय?"

"आत्ता."

"खोटं! मी तिथेच होतो ना! तू तर पलीकडे बसलेली. पाय कुठला फिरवतेस?"

"तू झेंड्याकडे बघत होतास."

"बरं, फिरवला तर फिरवला. कोणी बघितलं? त्या पोरीने बघितलं? त्या म्हाताऱ्या रेफरीने बघितलं? नाही ना? मग तोंडाला काय खाज सुटली होती? उंटावरची शहाणी कुठली! आ बैल मुझे मार!" हे सगळं तू त्या डोंगरात, शांत रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर, खास आपल्या मराठीत. तिथल्या एका बाईने तुला बोटाने गप्प राहायची खूण केली, तर तू तिलाही दोन शब्द ऐकवलेस.

कार्ड एका फटक्याने हुकलं. संध्याकाळी तू बॅग पुसत बसलास आणि माझ्याशी बोलला नाहीस. मीही नाही. विमानात तुझी नजर खिडकीबाहेर आणि माझी समोरच्या खुर्चीवर.

मामू, आता ऐक. पाय नव्हता. टॉवेल होता, आणि तो तुझ्या हातात होता.

तू माझा बॉल पुसून दिलास, आणि झेंडा काढायला होलाकडे निघालास तो वाकून, टॉवेल मागे ओढत, बॉलपासून होलापर्यंत. पोतेरं ओढतात तसा. इतकी वर्षं दर खळ्यावर तू जे केलंस तेच. मी पलीकडून बघितलं तर पांढऱ्या दवातून एक हिरवी रेघ, सरळ, होलापर्यंत, तुझ्या हाताची. इतकी सरळ की त्या स्थितीतही मला तुझं कौतुक वाटलं. तुला पत्ताही नव्हता. श्वास घेतल्याचा कोणाला पत्ता असतो? मी हाक मारेपर्यंत तू होलापाशी पोचला होतास, आणि पुसलेलं दव काही परत घालता येत नाही.

कॅडीने, म्हणजे बॅग उचलणाऱ्याने, केलं तरी दंड खेळणारीलाच. रेफरीला मी खरं तेच सांगितलं, की माझा मामा वाळूवरचा माणूस आहे, सवयीने झालं. आणि हात जोडून म्हटलं, त्याच्यासमोर बोलू नका. त्या भल्या माणसाने लांबून तुझ्याकडे बघितलं. तू त्याला आनंदाने हात हलवत होतास, चिमणी झाली म्हणून. त्याने टोपी उचलली तुझ्यासाठी आणि आकडा लिहून घेतला.

काय सांगायला हवं होतं मी तुला? मामीच्या वाट्याची सुट्टी तू माझ्या बॅगेखाली घातलीस, त्या थंडीत तुझे गुडघे सुजलेले, रोज रात्री तू त्यांना तेल चोळायचास आणि मला म्हणायचास, काही नाही, बूट नवीन आहेत. त्या माणसाला सांगू की गेलं ते तुझ्या हाताने गेलं? मला त्या क्षणी विचार करावाच लागला नाही. तोंडातून "पाय" निघाला. तू नकळत खड्ड्यात पडलास म्हणून तुझ्या जागी मी पडले, आणि मला लागलंही नाही फारसं. कार्ड हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या मजल्यावर महिनोन्महिने राहून मला हेही कळलं होतं की माझा खेळ कुठवरचा आहे. परत आले, आता इथे किनाऱ्यावर खोबरजवळ गवताच्या मैदानावर मुलींना शिकवते, आणि बरी शिकवते. माझी कीव करायची काहीच गरज नव्हती कोणाला.

पण तू सोडलंस का? दर ईदला, दर लग्नात, दर फोनवर. "बोलली नसतीस तर आज कुठे असतीस!" बाबा म्हणायचे, सोड आता इब्राहिम. छे. मला बघायला पाहुणे आले, ते मूळचे रत्नागिरीकडचे, आता राबिघला रिफायनरीत, तर त्यांच्यासमोर तू सगळी कहाणी हातवारे करून सांगितलीस. मुलाची आई घाबरली. असली मुलगी घरात आणली तर घरातलं सगळं बाहेर जाईल, असं तिला वाटलं असणार. परत काही त्यांचा फोन आला नाही. अम्मी तुझ्यावर महिनाभर रुसली. एका ईदला तर माझा संयम सुटला होता. जिभेच्या टोकावर आलं होतं, "मामू, टॉवेल कोणाच्या हातात होता?" तेवढ्यात तू सुरमईची सगळ्यांत मोठी तुकडी उचलून माझ्या ताटात टाकलीस आणि मी गपगुमान जेवले. तुझं हे नेहमीचं. रागावून झालं की चांगली तुकडी मला. मला वाटायचं, भडकलास म्हणून आतून खजील होत असशील.

शेवटचं भेटलो ते दम्मामच्या हॉस्पिटलात, दुपारी. नळ्या लावलेल्या. नर्स मंगळुरूची होती, तिच्याशी तू हिंदीत गप्पा मारत होतास. मला बघून म्हणालास, "ये भांजी है मेरी. बहुत शाणी. अपने पाँव पे पत्थर मारती है." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी." मी म्हटलं, मामू, आज तरी सोड. तू डोळे मिटून हसलास. "आज कसं सोडू गो?" मग ट्रेमधलं अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलंस. मला त्या हसण्याचा थोडा रागच आला होता. दोन दिवसांनी बाबांचा फोन आला.

तुला अबकैकलाच ठेवलं. नावाची पाटी नाही, डोक्याशी एक साधा दगड. बाबा आणि माझा भाई गेले होते. बाबा सांगत होते, माती टाकून झाल्यावर भाई गुडघ्यावर बसून तळहातांनी वाळू सारखी करत राहिला, तिथला माणूस "खलास, खलास" म्हणाला तरी उठेना. भाईलाही लहानपणी तूच पोतेरं ओढायला लावलं होतंस ना. बाई म्हणून मला तिथे जाता आलं नाही, पण वाळू नीट झाली हे ऐकून बरं वाटलं.

आणि गेल्या शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, मी मामीला व्हिडिओ कॉल केला. ती इद्दतमध्ये, म्हणजे नवऱ्यामागे घरातच राहायच्या महिन्यांत, गावच्या घरात मागच्या खोलीत बसलेली. रडून रडून आता कोरडी झाली होती. इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हटलं, मामी, मी तुझी सुट्टी खाल्ली ना. ती म्हणाली, खाल्लीस तर खाल्लीस, त्यानंतरच्या सुट्टीत इथे आला तो खुशीतच आला होता. मी म्हटलं, कसली खुशी? माझ्याशी तर विमानात बोलला पण नाही. मामी उठली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि तिने फोनसमोर एक पांढरा टॉवेल धरला. आपल्या बॅगेचा.

"हा मी पोतेऱ्याला घेणार होते," ती म्हणाली. "तर अंगावर आला माझ्या. हात लावू नकोस म्हणाला."

मी विचारलं, का?

"त्या दिवशी संध्याकाळी बॅग पुसायला हा काढला, तर एक टोक भिजलेलं, आणि त्याला गवत चिकटलेलं. बारीक बारीक. बघितल्या बघितल्या कळलं त्याला. मला म्हणाला, पोरीने माझं पाप अंगावर घेतलं गो. पाय नव्हता, माझा हात होता. लहान मुलासारखा रडला हो इथे, ओट्यावर बसून."

"मग मला का नाही बोलला?"

"मी पण तेच म्हटलं. सांग तिला, मोकळा हो. तर म्हणतो कसा, सांगितलं तर तिने माझ्यासाठी केलेलं फुकट जाईल. तिला वाटतंय मला माहीत नाही. तिला तसंच वाटू दे. मी म्हटलं, मग निदान तिला रागवू तरी नकोस, लोकांत सांगत फिरू नकोस. तर म्हणाला, रागवायचं बंद केलं तर तिला कळेल ना!" मामी हसायला लागली आणि तिचे डोळे पुन्हा भरले. "तुझ्याशी बोलून फोन ठेवला की लगेच मला लावायचा. विचारायचा, आज पण रागावलो. नीट रागावलो ना?"

मामू, मी फोन ठेवला आणि आधी हसले. खरंच, खो खो. मेल्या, केवढा नाटकी तू! पाहुण्यांसमोर, ईदला, कॅम्पमध्ये वेल्डरला आणि ड्रायव्हरला, आणि नळ्या लावलेल्या असताना नर्ससमोर. "आज कसं सोडू गो." मग जे रडू आलं ते अम्मीने येऊन पाठीवर हात ठेवला तरी थांबेना. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मामूची आठवण. ते काही खोटं नव्हतं.

मी समजत होते, मी तुला सांभाळतेय. आणि तू रागावून रागावून मला सांभाळत होतास. त्या सुरमईच्या तुकड्या आता मला एकेक आठवतात. ते अर्धं संत्रं पण. मी तुला थँक्यू म्हटलं नाही, तू मला म्हटलं नाहीस, आणि कोणाचंच काही अडलं नाही. फक्त आता अडलंय. आता म्हणायचं तर ऐकायला तू नाहीस.

हे मी कोणाला सांगणार नाही. मामीलाही सांगितलंय, टॉवेल धुवू नको आणि कोणाला दाखवू नको. काल क्लास सुटल्यावर एक छोटी मुलगी मागे रेंगाळली. तिच्या बापाने कॅम्पमध्ये कुठे तरी ऐकलेलं. "मॅम, इज इट ट्रू, तुम्ही स्पेनमध्ये स्वतःच पेनल्टी घेतली?" मी म्हटलं, हो. "तुम्ही पाय फिरवला?" मी म्हटलं, हो, मीच फिरवला. "कोणीच बघितलं नव्हतं, तरी?" समोर सकाळच्या फवाऱ्याने भिजलेलं ग्रीन होतं. तिने विचारलं ते बरोबरच होतं. मी म्हटलं, माझ्या मामूने पण हेच विचारलं होतं, आणि फार रागावला होता. ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, मग काही नाही, जा, बस निघेल तुझी.

कब्रीत फरिश्ते सवाल करतात म्हणतात. तिथे तुला त्या सकाळीबद्दल विचारलं, मामू, तर खरं काय ते सांगून टाक, तिथे लपवून भागत नाही. इथलं मी बघते. इथे कोणीही विचारलं तरी पाय माझाच होता. तू फक्त रागवायचं बंद करू नकोस. कोणाच्या तरी तोंडून, कुठून तरी, रागावत जा. बंद केलंस तर मला कळेल.